माळ्यावरचं शिलाई मशीन पुन्हा चालतं करताना

गोव्यातल्या जुन्या घराची वाटणी झाली की दागिने, भांडी, पलंग यांची यादी होते आणि शेवटी वसरीच्या कोपऱ्यात लोखंडी पायांचं शिलाई मशीन उरतं. ते कुणाला नको असतं, पण भंगारात घालायलाही हात होत नाही. जो घरी नेतो तो बहुधा त्यावर काच बसवून फुलदाणी ठेवतो. ज्यांना त्यावर खरोखर कपडा शिवायचा आहे, पण आजवर मशीनचा एक स्क्रूही सोडलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

ओतीव लोखंडाच्या या काळ्या मशीनमध्ये मोडण्यासारखं फार थोडं असतं, ही गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. मशीन बंद पडतं ते सुकलेल्या तेलाने, साचलेल्या धाग्यांनी, गंजाने आणि चुकीच्या सुईने. म्हणजे काम दुरुस्तीचं कमी आणि मोकळं करण्याचं जास्त. भाग मोडतात ते पुष्कळदा नंतर, अधीर झालेल्या माणसाने पकडीने पिळल्यावर. तेव्हा एका रविवारी सगळं उरकायचा बेत करू नका. रोज संध्याकाळी अर्धा तास दिला तरी पुरे.

आपल्याकडे आहे काय, ते आधी बघा

गोव्यात सिंगर आणि उषा ही नावं सर्वाधिक दिसतात. उषाचं उत्पादन १९३० च्या दशकात कोलकात्यात सुरू झालं. सिंगरची जुनी मशिनं बरीचशी स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातली. तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला. मुक्तीपूर्व काळात आलेलं एखादं जर्मन फाफ किंवा पोर्तुगालमध्ये बनणारं ओलिवाही कुणाच्या घरात निघू शकतं. नाव बहुधा मशीनच्या हातावर, म्हणजे सुईकडे जाणाऱ्या आडव्या भागावर, सोनेरी अक्षरांत असतं. ते पुसलं गेलं असेल तर उजवीकडच्या उभ्या खांबावरचा पितळी बिल्ला बघा.

सिंगरवर उजव्या बाजूला, तळपाटावर, एक क्रमांक कोरलेला असतो. नुसते आकडे असतील तर मशीन १९०० च्या आधीचं धरायला हरकत नाही, कारण त्यानंतरच्या क्रमांकांपुढे इंग्रजी अक्षर येऊ लागलं. १९३५ नंतरच्या दोन अक्षरी क्रमांकांत पहिलं अक्षर ‘ई’ असेल तर ते क्लाइडबँकचं. बिल्ल्यावर १८५१–१९५१ असं लिहिलेलं दिसलं तर ते कंपनीच्या शंभरीच्या सुमारास बनलेलं मशीन. घरात अशा वेळी लगेच ‘अँटिक’ हा शब्द सुरू होतो आणि लाखांच्या गोष्टी ऐकू येतात. त्यांच्याकडे काणाडोळा करा. ही मशिनं लाखोंनी बनली आहेत. त्यांचं मोल शिवण्यात आहे.

कामाच्या दृष्टीने नावापेक्षा बॉबिनचा, म्हणजे खालचा दोरा गुंडाळलेल्या छोट्या रिळाचा, प्रकार महत्त्वाचा. सुईच्या डावीकडची सरकती पट्टी उघडा. आत गोल बॉबिन केस डावीकडून बसवलेली असेल तर तुम्ही नशीबवान, कारण सिंगरच्या पंधरा नंबरच्या या रचनेवरच उषासारखी आपल्याकडची साधी घरगुती मशिनं बेतलेली आहेत. बॉबिन, केस, सुईचा दोरा खाली पकडून टाका घालणारं शटल, सगळं आजही मिळतं. बॉबिन सुईच्या पुढ्यात आडवी, वरून टाकायची असेल तर ती सहासष्ट नंबरच्या जातीची. तिची बॉबिन दिसायला सारखीच, पण दोन्ही अंगांनी किंचित फुगीर असते, आणि पंधराची सपाट. एकीची दुसरीत घालू नका. तिसरा प्रकार सर्वांत जुना. त्यात बंदुकीच्या गोळीसारखं लांबुळकं शटल पुढेमागे झुलतं आणि बॉबिन सडपातळ, लांब असते. हे मशीन छान चालतं, पण त्याचं शटल हरवलं तर शोधत फिरावं लागतं. घरातल्या बटणांच्या आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यांत आधी हात घाला. सुटे भाग, जादा पाय, बॉबिनी बहुतेक तिथेच सापडतात.

हाताशी काय हवं

दोन-तीन चांगले स्क्रूड्रायव्हर, आणि त्यांतला एक आखूड, रुंद पात्याचा. पातं स्क्रूच्या खाचेत घट्ट बसलं पाहिजे. सैल पात्याने खाच कुरतडली जाते आणि मग तो स्क्रू कुणाच्या बापाला निघत नाही. सिंगरच्या स्क्रूंचे आटे कंपनीचे स्वतःचे, हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू तिथे बसत नाही. म्हणून काढलेला प्रत्येक स्क्रू क्रमाने ठेवा. इडलीपात्राचे खळगे यासाठी फार सोयीचे.

बाकी चिमटा, जुना टूथब्रश, सुती फडकी, टॉर्च, केस वाळवायचा ड्रायर, शिलाई मशीनचं पातळ पांढरं तेल आणि मळ विरघळवण्यासाठी थोडं रॉकेल. रॉकेल आता सहज हाती लागत नाही. रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन तेच काम करतं. दोन्ही पेट घेतात, तेव्हा काम वसरीवर, मोकळ्या हवेत करा, आणि देवापुढची समई जवळ नको. मोबाइल हाताशी हवाच, कारण काहीही सोडण्याआधी त्याचा फोटो काढायचा आहे. दोन बाजूंनी.

डोकं टेबलावरून उतरवणं

चाकावरचा पट्टा आधी काढा. मग मशीन मागे कलवा. मागच्या बाजूच्या दोन बिजागऱ्यांच्या खिळ्यांवर खालून एकेक स्क्रू असतो. दोन्ही ढिले केले की डोकं, म्हणजे टेबलावरचं मशीन, वर उचललं जातं. त्याचं वजन दहा किलोंहून जास्त भरतं, तेव्हा दुसऱ्या माणसाला मदतीला घ्या. धरताना एक हात मशीनच्या हाताखाली आणि दुसरा तळपाटाखाली ठेवा. चाकाला किंवा सुईच्या दांड्याला धरून उचलू नये. खाली जाड गोणपाट अंथरून त्यावर ठेवा.

टेबलाचं लाकूड या वेळीच तपासून घ्या. वाळवी लागली असेल तर मशीनपेक्षा आधी तिचा बंदोबस्त. वरचा पातळ थर सुटला असेल तर फेव्हिकोल भरून, वर वजन ठेवून चिकटवता येतो. पावसाळ्यात फुगलेले खण जबरदस्तीने ओढू नका, डिसेंबरात ते आपसूक सरकतात. कडक उन्हातही टेबल ठेवू नये, सावलीतल्या वाऱ्यावर वाळू द्यावं.

अडकलेलं मशीन मोकळं करणं

सगळ्यात जास्त वेळ आणि संयम इथे लागतो.

चाक फिरवून बघा. नेहमी आपल्याकडे, म्हणजे चाकाची वरची कड तुमच्या दिशेने यायला हवी. ते जागचं हलत नसेल तर तेल ओतण्याआधी तीन गोष्टी पाहा. शटलमध्ये धाग्याचा गुंता आहे का? चाक आणि मशीनचा खांब यांच्या फटीत दोरा गुंडाळला गेला आहे का? बॉबिन भरायची फिरकी चाकाला टेकून राहिली आहे का? चिमट्याने दोरा ओढून काढला आणि मशीन चालू झालं, असं पुष्कळदा होतं.

तसं नसेल तर दोष तेलाचा. आपल्याकडे मशीनला खोबरेल घालायची जुनी सवय. घरचं, शुद्ध, मग वाईट कसं असेल? पण खोबरेल साधारण २४ अंश सेल्सियसच्या खाली थिजतं आणि वर्षानुवर्षं हवा लागून तपकिरी, चिवट राळेसारखं होतं. गोड तेलाची, म्हणजे खाण्याच्या कुठल्याही तेलाची, गत तीच. ही राळ मशीन अशी धरून ठेवते की आतला दांडा मोडलाय असंच वाटावं.

वरच्या बाजूची तेलाची भोकं शोधा. हातावर, डोक्यावर, चाकाजवळ ती असतात. आपल्या घरांत यांतली निम्मी भोकं कुंभारीण माशीने मातीने लिंपलेली सापडतात. जाड सुईने किंवा दातकोरणीने माती बाहेरच्या बाजूला उकरून काढा. आत ढकललीत तर ती तेलात कालवून दळण होईल. डावीकडच्या टोकाची पत्र्याची झाकणी आणि मागची गोल झाकणीही काढा. आता जिथे जिथे लोखंड लोखंडावर घासतं तिथे रॉकेलचे दोन-चार थेंब सोडा. मशीन मागे कलवून खालच्या दांड्यांनाही तेच करा. नंतर ड्रायरची गरम हवा त्या जागांवर पाच-सात मिनिटं मारा. लोखंड कोमट झालं की राळ सैल होते. ज्योत, मेणबत्ती, गॅसची शेगडी यांच्या वाटेला जाऊ नका, आणि रॉकेल उडून गेल्याशिवाय ड्रायरही लावू नका.

मग चाक हाताने पुढेमागे अगदी हलकं डोलवा. एक मिलिमीटर हललं तरी काम सुरू झालं. तसंच ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी परत थेंब, परत गरम हवा, परत डोलवणं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेक मशिनं पूर्ण फेरा घेतात. खारं वारं खाल्लेल्या, समुद्राकाठच्या घरातल्या मशीनला आठवडा लागला तरी घाबरायचं कारण नाही. स्प्रेच्या डब्यातलं गंज सोडवणारं औषधही चालतं, पण ते वंगण नव्हे. त्याचं काम झालं की पुसून खरं तेल द्यावंच लागतं.

फेरा मोकळा झाला की काळं पाणी बाहेर येऊ लागतं. ते फडक्याने टिपत राहा. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत रॉकेल, नंतर एक दिवस वाळवण, आणि शेवटी मशीनचं तेल. प्रत्येक भोकात एक थेंब, जास्तीत जास्त दोन. चाक पन्नासेक फेरे फिरवा, वर आलेलं पुसून टाका.

सोनेरी नक्षी जपायची असेल तर

मशीनवरची वेलबुट्टी लाखेच्या पातळ थराखाली असते आणि लाख मद्यार्कात विरघळते. स्पिरिट, सॅनिटायझर, नेलपॉलिश काढायचं पाणी यांतलं काहीही नक्षीला लावू नका. आपल्याकडे डाग म्हटला की कुणीतरी फेणीची बाटली काढतोच. ती पाहुण्यांसाठी राहू द्या. भांडी घासायची पूड, घासणी, अमोनिया असलेलं काच पुसायचं पाणी हेही नको. मऊ फडक्यावर मशीनचंच तेल घेऊन गोल गोल पुसा. मळ हळूहळू फडक्यावर उतरतो. नक्षीचा तुकडा फडक्यावर सोनेरी दिसू लागला की त्या जागी थांबा.

चाकाची कड, झाकण्या, सुईचा दांडा या चकचकीत भागांवरचा गंज अगदी बारीक लोखंडी लोकर आणि तेल यांनी निघतो. चिंच आणि लिंबू पितळेसाठी ठीक, पण निकेलचा मुलामा असलेल्या भागांना आणि स्प्रिंगांना आंबट पाण्यात बुडवून ठेवू नये. मशीन नव्याने काळं रंगवून घेण्याचा सल्ला मिळाला तर नम्रपणे नाही म्हणा. रंग भोकांत जातो, स्क्रू बुजतात आणि नक्षी कायमची जाते.

शटल, दाते, टेन्शन

सुई आणि दाब देणारा पाय काढून घ्या. सुईखालच्या पट्टीचे दोन स्क्रू काढून ती उचला. कपडा पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या खाली धाग्याच्या तुसांची गादीच बसलेली दिसेल. वर्षानुवर्षं तेल प्यायल्याने ती नमद्यासारखी घट्ट होते आणि दात्यांना वर येऊ देत नाही. ‘कपडा पुढे सरकत नाही’ या तक्रारीचं मूळ इथे असतं. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ती उचकटा आणि ब्रशने झाडा. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आत जाते.

गोल बॉबिनच्या मशीनमध्ये शटल काढणं अवघड नाही. सुईचा दांडा सर्वांत वर आणा, केस काढा, मग कडेच्या दोन खटक्या बाहेर वळवा. जुन्या सिंगरला खटक्यांच्या जागी स्क्रू असतात. कडं सुटलं की अर्धगोल शटल हातात येतं. त्याच्या टोकावर नख फिरवा. कुठे खरखरलं तर ६०० नंबरच्या पॉलिश कागदावर तेल घेऊन दोन-तीनदा हलकं घासा, टोक बोथट होता कामा नये. शटल फिरतं ती गोल वाट पुसून तिला एक थेंब तेल द्या. परत बसवताना फोटोशी ताडून पाहा.

टेन्शन म्हणजे वरचा दोरा ताणून धरणाऱ्या दोन चकत्या, त्यांवर एक स्प्रिंग आणि बाहेर फिरकीचा नट. सगळं एका दांड्यावर ओवलेलं असतं. चकत्यांच्या मधे जुन्या दोऱ्याचे तुकडे आणि गंज अडकतो, मग टेन्शन कितीही पिळलं तरी दोरा सैलच राहतो. खोलून, क्रमाने मांडून, चकत्यांची आतली बाजू आरशासारखी होईपर्यंत पुसा. इथे रंग नसल्याने स्पिरिट चालेल. चकत्यांना तेल मात्र लावायचं नाही.

सुई: दहा रुपयांची गोष्ट

मशीनमध्ये आधीपासून असलेली सुई सरळ फेकून द्या, ती कितीही चांगली दिसली तरी. मग नवी घेताना दोन गोष्टी बघा. घरगुती मशीनच्या सुईचा मशीनमध्ये बसणारा वरचा जाड भाग एका बाजूने सपाट असतो, आणि शिंप्यांच्या भारी मशीनच्या सुईचा पूर्ण गोल. आपल्या मशीनमधली जुनी सुई बघून तशीच मागा. दुकानदाराने ‘ही पण चालेल’ म्हटलं तरी नको.

दुसरी गोष्ट दिशेची. सुईच्या एका अंगाला नाकापर्यंत लांब खोबण असते, दोरा त्या बाजूने ओवायचा. सपाट बाजू शटलच्या टोकाकडे असली पाहिजे. गोल बॉबिनच्या आपल्याकडच्या बहुतेक काळ्या मशिनांत सपाट बाजू उजवीकडे येते आणि दोरा डावीकडून उजवीकडे जातो. सुई वरपर्यंत ढकलून मग स्क्रू घट्ट करा. दोन मिलिमीटर खाली राहिली तरी टाके सुटतात. मशीन ‘बिघडलं’ म्हणून मिस्त्रीकडे नेणाऱ्यांनी आधी सुई उलटी तर नाही ना, एवढं पाहिलं तर मिस्त्रीची निम्मी गिऱ्हाइकं कमी होतील.

मलमलला ११ नंबरची सुई, पॉपलीन आणि सुती साडीला १४, जाड चादर किंवा जीन्सला १६ ते १८. सुरुवातीला १४ च ठेवा.

चाक, पट्टा आणि पायडल

चाकाच्या मध्यावर एक मोठी गोल फिरकी असते. ती ढिली केली की चाक एकटं फिरतं आणि सुई थांबते, म्हणजे बॉबिन भरता येते. ती अडकलेली असेल तर तिच्यातला छोटा स्क्रू आधी सोडा. आत तीन कानांची चकती सापडेल. दोन कान आतल्या बाजूला वाकलेले असतात. साफ करून परत बसवल्यावर फिरकी घट्ट करूनही सुई हलत नसेल तर ती चकती अर्धा फेरा फिरवून बसवा. पहिल्यांदा करणाऱ्याला हे कुणी सांगत नाही आणि तो रात्रभर डोकं धरून बसतो.

बॉबिन भरायच्या फिरकीवरची रबरी रिंग कडक होऊन तडकलेली असते. नवी अगदी स्वस्त. चामड्याचा पट्टाही नवाच घ्या. तो साधारण पाच मिलिमीटर जाड, गोल दोरीसारखा मिळतो आणि टोकं तारेच्या क्लिपने जोडतात. आधी लांब ठेवून दोन्ही चाकांवरून फिरवा, मग कापा. बोटाने दाबल्यावर थोडा लवला पाहिजे. तंग पट्टा पायडल जड करतो, ढिला घसरतो. दमट हवेत चामडं ताणलं जातं, म्हणून जुलैत एखादा सेंटिमीटर कापावा लागेल. पायडलचे सांधे, मोठ्या चाकाचा आस आणि दोघांना जोडणारा दांडा यांनाही तेल द्या. तिथे कुरकुर झाली तर आधी स्टँडचे नटबोल्ट आवळा.

सुटे भाग म्हापसा, मडगाव, पणजी, फोंडा इथल्या बाजारांत शिलाईचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत मिळतात. नाव सांगून मागण्यापेक्षा जुना भागच पिशवीत घालून न्या. इथे नाही मिळालं तर बेळगाव किंवा कोल्हापूरला जाणाऱ्या कुणाच्या हाती नमुना द्या. आणि जवळच्या जुन्या शिंप्याला जरूर विचारा. त्याच्या खणात कधी कधी दुकानात नसलेला भाग असतो.

पायाचा सराव आणि पहिली टीप

दोरा न ओवता, मशीनचा दाब देणारा पाय वर उचलून, नुसतं पायडल मारायला शिका. खाली कपडा नसताना तो पाय खाली टेकवून मशीन चालवू नका, दाते झिजतात. सुरुवात नेहमी हाताने चाक आपल्याकडे फिरवून करायची. चाक उलटं गेलं की शटलमध्ये दोरा गुंततो. दोन्ही पावलं पायडलवर, एक किंचित पुढे. चाक उलटं न जाता चालू-बंद करता येऊ लागलं की वहीच्या आखलेल्या पानावर, दोरा न घालता, रेघेवरून टीप मारा. हात आणि पाय यांचं गणित जमायला दोन-चार दिवस लागतात. या कागदी सरावानंतर सुई बदला, कागदाने तिची धार जाते.

आता मांजरपाटाचा तुकडा दुहेरी घ्या. वरचा आणि बॉबिनचा दोरा वेगवेगळ्या रंगाचा, आणि नवा. आजीच्या डब्यातल्या रिळांचे रंग सुंदर असतात, पण तो सूत कुजलेला असतो. बोटांत ओढून बघा, टचकन तुटेल. दोरा ओवताना दाब देणारा पाय वर उचललेला असावा, म्हणजे टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात आणि दोरा मधे नीट बसतो. बॉबिन केसच्या बाहेर आलेला दोरा धरून केस लटकवा. ती आपल्या वजनाने घसरत खाली गेली तर आतलं टेन्शन ढिलं, झटका दिल्यावरही तसूभर हलली नाही तर फार घट्ट. हलक्या झटक्याला बोटभर उतरली की बरोबर. केसवरचा बारीक स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका.

टाक्याची लांबी इंचाला दहा-बारा टाके येतील अशी ठेवा. दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून पहिले तीन-चार टाके हाताने चाक फिरवून घ्या. हे टाळलं तर सुरुवातीलाच खाली घरटं तयार होतं.

आता टीप उलटून बघा. खालच्या बाजूला वरच्या रंगाचे फास दिसले तर वरचं टेन्शन ढिलं आहे, किंवा दोरा चकत्यांत गेलेलाच नाही. दुसरं कारण जास्त वेळा खरं निघतं, म्हणून आधी पुन्हा ओवून बघा. वर बॉबिनचा रंग डोकावत असेल तर वरचं घट्ट आहे. टाके सुटत असतील तर सुई: उलटी, वाकलेली, बोथट किंवा अर्धवट बसलेली. दोरा सारखा तुटत असेल तर कुठेतरी धार आहे. सुईच्या नाकाला, सुईखालच्या पट्टीच्या भोकाला किंवा शटलच्या टोकाला. कपडा सरकत नसेल तर टाक्याच्या लांबीचा दांडा शून्यावर राहिला आहे का, आणि वरचा दाबाचा स्क्रू फार ढिला आहे का, तेही पाहा.

हे सगळं करूनही एकही टाका पडत नसेल तरच सुई आणि शटल यांच्या भेटीची वेळ चुकली आहे का ते तपासा. चाक हळू फिरवत सुई सर्वांत खाली न्या. तिथून ती साधारण २ ते २.५ मिलिमीटर वर आल्यावर शटलचं टोक सुईच्या नाकाच्या किंचित वरून, तिला जवळजवळ घासून जायला हवं. तसं जात नसेल तर बहुधा सुईचा दांडा कधीतरी वर-खाली सरकला आहे. झाकणीच्या आत त्याला धरणारा एक स्क्रू असतो. नवशिक्याने हे एकट्याने करू नये असं माझं मत. जाणत्या मिस्त्रीच्या शेजारी बसून एकदा बघावं, पैसे द्यावेत.

मोटर असेल तर

जुन्या मशीनला मागाहून जोडलेली मोटर असेल तर तिची वायर हातात घेऊन वाकवा. रबर तडकलं किंवा कापडी वेष्टण सुटलं असेल तर प्लगला हात लावू नका. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमट हवेत असली वायर लोखंडी मशीनला करंट देऊ शकते. इलेक्ट्रिशियनकडून वायर, पायाचा स्विच आणि अर्थिंग तपासून घ्या. मला विचाराल तर पहिलं वर्ष पायडलवरच शिवा. वीज गेली तरी काम थांबत नाही आणि वेग आपल्या ताब्यात राहतो.

पावसाळ्यासाठी

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. एवढ्या मेहनतीने मोकळं केलेलं मशीन एका पावसाळ्यात पुन्हा गंजू शकतं. मे अखेरीस सगळ्या भोकांत तेल द्या आणि चकचकीत भागांवर तेलाचा हात फिरवा. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत ओल कोंडते. जुन्या सुती साडीचा दुहेरी झोळा शिवा, तोच तुमचा पहिला प्रकल्प होईल. भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, विशेषतः लाल चिऱ्याची भिंत ओल धरत असेल तर. खणात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि भिजल्या की बदला.

आणि आठवड्यातून एकदा चाक फिरवा. शिवण्यासारखं काही नसलं तरी पाच मिनिटं पायडल मारा, म्हणजे तेल सगळीकडे पोचतं. चवथीच्या आधी पडदे, उशांचे अभ्रे, मुलांचे परकर असं काहीतरी निघतंच. त्या कामाच्या निदान दोन आठवडे आधी मशीन उघडून सुई बदला, दात्यांखालची तुसं झाडा आणि टाकाऊ तुकड्यावर टीप मारून बघा. चवथीच्या आदल्या आठवड्यात गावातल्या एकाही शिंप्याकडे तुमच्यासाठी वेळ नसतो.